पाच तारांचा बँजो घ्यायचा आहे, पण नेमका कोणता?

लष्करचा नवशिका (ग्वाल्हेर)

सर्वांना नमस्कार.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, वय त्रेचाळीस, नोकरी हिशेबाची. संगीताचे शिक्षण म्हणावे तर शाळेत असताना चार वर्षे शिकलेली आणि दहावीच्या वर्षी खुंटीला टांगलेली सतार, एवढेच. गेली दोन वर्षे मी अमेरिकन लोकसंगीतातला पाच तारांचा बँजो नियमाने ऐकतो आहे. त्यातली आखूड पाचवी तार अंगठ्याखाली सतत वाजत राहते, तेव्हा मला हटकून सतारीच्या झाल्यातल्या (शेवटच्या द्रुत भागातल्या) चिकारीची, म्हणजे मोकळ्याच छेडल्या जाणाऱ्या बाजूच्या तारांची आठवण होते, आणि बहुधा त्यामुळेच हे वाद्य आपणही वाजवून पाहावे असे मनाने घेतले आहे.

अडचण खरेदीपासूनच सुरू झाली. बाड्याजवळच्या एका दुकानात बँजो मागितला, तेव्हा दुकानदारांनी मोठ्या अदबीने कळांचे बुलबुलतरंग काढून समोर ठेवले. मोबाइलवर चित्र दाखवल्यावर ते म्हणाले, ‘भाईसाहब, ये तो किसी ने ढपली में सितार फँसा दिया है।’ वर्णन अगदीच चुकीचे नव्हते, पण वाद्य काही मिळाले नाही. आता ते बाहेरून मागवावे लागणार आणि हातात घेऊन पारखता येणार नाही, म्हणून आधीच नीट विचारून घेतो आहे.

पिशवी आणि तारांचा एक जादा संच धरून बावीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. पाठीला लाकडी थाळा बसवलेला बँजो घ्यावा की उघड्या पाठीचा, हे मला ठरवता येत नाही. एका परिचितांचे म्हणणे असे की सहा तारांचा घ्यावा, तो गिटारसारखाच असल्याने लवकर हाती येतो. घरी मुलगा बारावीला आहे, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आहे, आणि आपल्याकडचा मे महिना व त्यामागून येणारा श्रावण या दोन्हींत वाद्य टिकले पाहिजे. शिकवणारे जवळपास कोणी नसल्याने जे शिकेन ते चित्रफिती पाहूनच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

चिकारी (इंदूर)

दुकानदारांना दोष देता येणार नाही. आपल्याकडे बँजो म्हटले की मिरवणुकीतली बँजो पार्टीच डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यातला बँजो म्हणजे वीज जोडलेले बुलबुलतरंगच. त्याचे मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे, जे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये नागोया येथे घडवले. कळा दाबून तार आखूड करण्याची त्यांची युक्ती टाइपरायटरवरून सुचलेली. तुम्हाला हवा असलेला बँजो मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या भोपळ्यावर कातडे ताणलेल्या वाद्यांतून अमेरिकेत वाढला. दोघांत नावापलीकडे नाते नाही, तेव्हा मागणी नोंदवताना ‘पाच तारांचा’ हे शब्द लेखी घ्यावेत.

आता सहा तारांविषयी. तो बँजो नव्हेच, बँजोच्या आवाजाची गिटार आहे. ज्याला गिटार आधीच येते त्याला तो सोयीचा. तुम्हाला गिटार येत नाही, म्हणजे तो एकमेव फायदाही तुमच्या वाट्याला येत नाही. चार तारांचा टेनर बँजो जव्याने (तार छेडायच्या छोट्या तुकड्याने) वाजवतात, आयरिश चाली आणि जुना जॅझ यांत तो शोभतो, परंतु त्यालाही आखूड तार नसते. ती तार पाचव्या पडद्यापाशी (पडदे म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या), दांडीच्या कडेला बसवलेल्या वेगळ्या खुंटीवरून निघते आणि सहसा न दाबता मोकळीच वाजवली जाते. चिकारीसाठी जीव अडकला असेल, तर निवड झालेलीच आहे.

सतार शिकलेल्या माणसाला या वाद्याची सर्वांत प्रचलित जुळणी पाच मिनिटांत समजेल. काळी-पांढरीच्या भाषेत तिला ओपन जी म्हणतात; आपण जी हा षड्ज धरला, तर चौथी तार मंद्र पंचम, तिसरी षड्ज, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम आणि आखूड पाचवी तार षड्ज. दुसरी तार अर्ध्या स्वराने चढवून मध्यमावर नेली की गंधार बाजूला होतो आणि डोंगरी लोकगीतांची ती उदास जुळणी मिळते; आपल्या कानाला ती पहिलीपेक्षा जवळची वाटते, असा माझा अनुभव आहे. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. बँजोचा स्वर आघातानंतर झटकन विरतो, त्यामुळे आलाप आणि लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) यांची अपेक्षा धरू नये. हे वाद्य मध्य आणि द्रुत लयीचे आहे.

थाळ्याचा प्रश्न वादनाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. १९४५ च्या डिसेंबरमध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज हे अमेरिकन गायक बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात आले, आणि अंगठा, तर्जनी व मध्यमा या तीन बोटांवर नख्या चढवून वाजवण्याची त्यांची पद्धत तिथून जगभर गेली. त्या पद्धतीला पाठीचा थाळा हवा, कारण तो आवाज पुढे फेकतो. याहून जुनी क्लॉहॅमर नावाची पद्धत आहे, जिच्यात बोटे वाकवून नखाच्या पाठीने तारेवर खाली आघात करतात आणि अंगठा पाचव्या तारेवर पडत राहतो. तिला उघड्या पाठीचा बँजो पुरतो, नख्या विकत घ्याव्या लागत नाहीत आणि आवाज मऊ येतो. बारावीचा मुलगा आणि एका भिंतीचा शेजार पाहता मी उघडी पाठच सुचवीन. कातडे आणि त्यामागची दांडी यांच्यामध्ये एक जुना मोजा किंवा उपरणे खोचले, की शेजाऱ्यांशी संबंधही टिकतात.

जुनी खोड (वडोदरा)

वरच्या मताला माझ्या खिशातून गेलेल्या पैशांची जोड देतो. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून, नाव सांगत नाही, सहा तारांचा चकचकीत बँजो आणला. दोन महिने गिटारच्या चाली वाजवल्या आणि मग लक्षात आले की ज्या आवाजासाठी हे घेतले तो आवाज यात नाहीच. तो विकून अगदी स्वस्तातला पाच तारांचा घेतला, तर त्याची पाचवी खुंटी नुसत्या घर्षणावर उभी राहणारी निघाली. स्क्रू आवळला की फिरेना, सैल केला की तार उतरे. अर्धा तास सूर मिळवायचा आणि दहा मिनिटे वाजवायचे, हा क्रम कोणाही नवशिक्याला वाद्य सोडायला लावतो. माझ्या मते नावापेक्षा आधी हीच चौकशी करावी, की पाचही खुंट्या दातेरी आहेत का. विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर खुंटीचे जवळून काढलेले छायाचित्र मागवावे.

नावांबद्दलही थोडे लिहितो. कॅलिफोर्नियाच्या डिअरिंग कंपनीचा ‘गुडटाइम’ मी शेवटी जुना घेतला, तो आजही माझ्याकडे आहे. मेपलचे कडे, बावीस पडदे, वजन दोन किलोच्या आसपास. नवशिक्यांसाठीच तो बनवतात, पण भारतात नवा घ्यायचा तर तुमच्या रकमेच्या बराच पुढे जातो. गोल्ड टोनचा एसी-१ हा लाकडाऐवजी कृत्रिम द्रव्याचे कडे असलेला हलका बँजो आणि रेकॉर्डिंग किंगचा ‘डर्टी थर्टीज’ हे त्याखालचे दोन भरवशाचे पर्याय आहेत. परदेशातून थेट मागवताना वाहतूक आणि आयात कर मिळून किंमत कुठे जाते, हे आधी कागदावर मांडावे. तुमचा तर तो व्यवसायच आहे. बावीस हजारांत यांपैकी एखादा वापरलेला मिळत असेल, तर नव्या अनोळखी नावापेक्षा मी तोच घेईन.

लष्करचा नवशिका (ग्वाल्हेर)

दोघांचाही आभारी आहे. सहा तारांचा विचार सोडला. दिल्लीतल्या एका गृहस्थांकडे वापरलेला, थाळा असलेला पाच तारांचा बँजो सतरा हजारांत मिळतो आहे. खुंट्या पाचही दातेरी आहेत, हे छायाचित्रात दिसते. पुढच्या रविवारी तिकडे जाणे होणार आहे. समोर बसून काय काय पाहावे? आणि कातडे आपल्या हवेत टिकेल का?

तारकस (ग्वाल्हेर)

आपण एकाच गावचे निघालो. मी सरोद वाजवतो आणि हौसेने चार वाद्यांची डागडुजीही करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कातड्यापासून सुरुवात करू. ज्या गावात जीवाजीगंजला सरोद घर हे वाद्यांचे संग्रहालय आहे, तिथे कातडे मढवलेले तंतुवाद्य पावसाळ्यात कसे वागते हे नव्याने सांगायला नको. श्रावणात तबल्याचे गट्टे ठोकून हात दुखतात, तीच गत सरोदच्या पोटाची. आजच्या बँजोवर मात्र बहुधा जनावराचे कातडे नसते, मायलर नावाचे प्लास्टिकचे पान असते, आणि त्यावर दमट हवेचा परिणाम जवळजवळ होत नाही. आपल्या हवेत खरी काळजी करायची ती दांडीच्या लाकडाची. मे महिन्यात वाद्य कूलरच्या झोतात किंवा उभ्या गाडीत ठेवू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ आहे.

दिल्लीला जाताना एक पोलादी पट्टी आणि मोबाइलमध्ये सूर दाखवणारे अ‍ॅप, एवढे सोबत न्यावे. प्रथम वाद्य डोळ्यासमोर बंदुकीसारखे धरून दांडीच्या कडेवरून नजर टाकावी. दांडी किंचित आत झुकलेली चालते, पिळलेली मुळीच चालत नाही, आणि पिळलेल्या दांडीवर या किमतीत उपाय नाही. नमस्कार करून परत यावे. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा वाजवावी. एखाद्याच ठिकाणी झणझणत असेल तर तो पडदा घासून सुधारता येतो; सगळीकडे झणझणत असेल तर कारण दुसरे आहे, आणि ते बहुतेक वेळा सैल पान हेच असते. पान सैल पडले की घोडी, म्हणजे पानावर उभी राहून तारा पेलणारी पट्टी, खाली बसते आणि तिच्यासोबत ताराही. पट्टी पानावर आडवी ठेवून घोडीच्या पायाशी किती फट दिसते ते पाहावे. खोलगट खड्डा दिसला तर पान ढिले आहे. हा दोष मात्र भाव कमी करून घेण्याच्या कामाचा आहे, कारण तो घरी दुरुस्त होतो. कड्याभोवतीच्या हुकांच्या चाक्या समोरासमोरच्या जोडीने, एका वेळी अगदी थोड्या फिरवत जावे, जसा तबल्याचा सूर एकाच गट्ट्यावर न ठोकता चारी बाजूंनी चढवतात. एकाच बाजूने आवळत गेल्यास पान फाटते.

घोडीविषयी विशेष सांगतो, कारण नवशिके इथेच वाद्याला वाईट ठरवतात. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबाने उभी असते आणि प्रवासात सरकते. घोडी जागेवर नसेल, तर मोकळ्या तारा सुरात असूनही वरच्या पडद्यांवर प्रत्येक स्वर बेसूर येतो. मोठ्या बँजोत तारेची वाजती लांबी साधारण २६.२५ इंच असते, म्हणजे वरच्या खाचांच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत १३ इंचांहून किंचित जास्त अंतर भरते. जे काही अंतर भरेल, तेवढेच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत असले पाहिजे. त्यानंतर बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर ताडून पाहावेत. दाबलेला चढा आला तर घोडी शेपटीकडे (तारा अडकवतात त्या टोकाकडे), उतरता आला तर दांडीकडे केसभर सरकवावी. तारा थोड्या सैल केल्याशिवाय घोडीला हात लावू नये.

थाळ्याची चिंता करू नका. बहुतेक बँजोंचा थाळा चार स्क्रूंवर असतो. तो काढून ठेवला की उघड्या पाठीचा बँजो तयार, आणि पुढे स्क्रग्जची पद्धत शिकावीशी वाटली तर परत चढवता येतो. तारा मात्र टोकाला फास असलेल्या लागतात आणि त्या इथे सहज मिळत नाहीत. अडल्यास तितक्याच जाडीची गिटारची साधी पोलादी तार घेऊन तिच्या टोकाचा मणी पकडीने काढावा. फास आपोआप उरतो.

लष्करचा नवशिका (ग्वाल्हेर)

बँजो घरी आला. दांडी सरळ आहे, पान सैल होते, ते दाखवल्यावर त्या गृहस्थांनी दीड हजार कमी केले. घोडी जवळजवळ पाव इंच सरकलेली निघाली. ती जागेवर आणली आणि रात्री साडेआठपर्यंत पान चारी बाजूंनी थोडे थोडे आवळले. थाळा काढून कपाटावर ठेवला आहे आणि आत मुलाचा जुना मोजा खोचला आहे. दुसरी तार मध्यमावर चढवून पाहिली. गंधार गेल्यावर वाद्य खरोखरच ओळखीचे वाटू लागले. फक्त पाचवी तार वाजवताना अंगठा अजून सतारीच्या सवयीने दांडीवर टेकून राहतो.

चिकारी (इंदूर)

तो टेकून राहायला नको, पण हवेत फार वरही जायला नको. सुरुवातीचे दोन आठवडे डाव्या हाताला काम देऊच नका. मोकळ्या तारांवर एक आघात तिसऱ्या तारेवर, मग चारही तारांवरून एक हलका झाडा आणि त्याच्या मागोमाग अंगठ्याने पाचवी, एवढेच केरव्याच्या संथ ठेक्यावर घोळवत राहा. प्रत्येक आघाताला हात खाली येताना अंगठा आपसूक पाचव्या तारेवर विसावला पाहिजे आणि हात वर जाताना ती तार सोडत गेला पाहिजे. हे बसले की दांडीचा आधार सुटेल.