पीआरएम१ ला 'पटलं जोडणारं प्रथिन' म्हणणं थांबवा

निळीशाई:
यीस्टच्या मीलनावरचं काहीही वाचा, पीआरएम१ हे प्रथिन दोन पेशींची पटलं (पेशीभोवतीची पातळ आवरणं) जोडतं असं ठोकून दिलेलं असतं. मला पटत नाही. ए आणि अल्फा या यीस्टच्या दोन मीलन-प्रकारांच्या पेशींना एकमेकींच्या फेरोमोनची (संकेत देणाऱ्या रसायनाची) चाहूल लागते, त्या टोकदार होत जवळ येतात, चिकटतात, मधली पेशीभित्तिका (पटलाबाहेरची कडक भिंत) विरघळते. राहतात फक्त दोन पटलं. आता पीआरएम१ चं जनुक दोन्ही पेशींमधून काढून टाका. तरी साधारण निम्म्या जोड्या एक होतातच! कारागीर गैरहजर, तरी निम्मं काम झालेलं?

खमीरखोर:
उरलेल्या निम्म्या जोड्यांकडे बघा की. हायमन आणि वॉल्टर या संशोधकांनी 2000 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा भित्तिका साफ गेलेली, पटलं समोरासमोर, मध्ये जेमतेम 8 नॅनोमीटर अंतर, आणि गाडी तिथेच अडलेली. काही जोड्यांत तर एकीचं पटल बोटासारखं दुसरीत घुसलेलं, पण जोडलेलं नाही. आधीचं सगळं झालं, शेवटची पायरी तेवढी राहिली. फस१ या मीलनातल्या दुसऱ्या प्रथिनाची गोष्ट वेगळी. नाव फ्यूजनवरून (जुळण्यावरून) पडलंय, पण ते नसलं की अडतं भित्तिकेपाशीच.

निळीशाई:
आणि ज्या जोड्या फुटतात त्या? पीआरएम१ नसलं की कित्येक जोड्यांत दोन्ही पेशी एकदमच फुटतात, तेही पटलं एकमेकांना भिडल्यावर. बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं की फुटणं आणखी वाढतं, म्हणजे एरवी कॅल्शियममुळे भोकं बुजवली जात असणार. मला तर यातून दिसतं की जोडणारी यंत्रणा दुसरीच आहे आणि ती चालूही आहे, फक्त तिच्यावर लगाम नाही. पीआरएम१ म्हणजे तो लगाम.

चौथा_बाक:
किंवा जोडणारी यंत्रणाच अर्धवट पडली म्हणून फुटतात. फुटण्यावरून दोन्ही निष्कर्ष निघतात हो. शिवाय एकाच पेशीत पीआरएम१ असलं तरी काम बरंचसं निभतं. फ्लूच्या विषाणूचं पटलं जोडणारं प्रथिन, हिमॅग्लुटिनिन, तेसुद्धा एकाच बाजूला असतं, त्याला कोणी लगाम म्हणत नाही.

निळीशाई:
हिमॅग्लुटिनिन परक्या पेशीत घातलं तर त्या पेशी एकमेकींत मिसळतात. सूत्रकृमीचं (बारीक गोल जंताचं) पेशी जोडणारं प्रथिन ईएफएफ-१ कीटकांच्या पेशींत घातलं, त्याही मिसळल्या. पीआरएम१ च्या नावावर असं काही आहे?

खमीरखोर:
नाही. पण तुमचा 'निम्म्या जोड्या'चा मुद्दा फक्त बेकरीतल्या यीस्टपुरता आहे. शिझोसॅकॅरोमायसिस पॉम्बे या दुसऱ्या जातीच्या यीस्टमधून पीआरएम१ काढलं तर पटलं जवळपास जुळतच नाहीत.

निळीशाई:
हे वजनदार आहे, मान्य. 'निम्मं काम'वालं वाक्य मागे घेतो. पण 'त्याच्यावाचून अडतं' आणि 'तेच जोडतं' यात फरक आहे. कीटकपेशींत घालून त्या मिसळलेल्या दाखवा, धाग्याचं शीर्षक त्याच दिवशी बदलतो.