रि: रि: गुरुवारी साडेदहाला मराठी दुभाषी, कुणी आहे का?

मंडळी, अर्जंट आहे म्हणून सगळ्या लिस्टवर टाकतेय. गुरुवारी कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, सोशल वर्कर घरी येतेय, सासूबाईंच्या नीड्स असेसमेंटला, म्हणजे आईंना घरी काय मदत लागते ते बघायला. मागच्या वेळचं बऱ्याच जणांना माहितीये, फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिला आणि आई त्याला "सब ठीक है" एवढंच सांगत राहिल्या. अंघोळ स्वतः करता? हो. जिना चढता? हो. सोशल वर्कर यायच्या आधी आईंनी माझ्याकडून अंबाडा घालून घेतला, इस्त्रीचं पातळ नेसवून घेतलं, ती बघून म्हणाली किती टापटीप आहेत! त्या निऱ्या मी घातल्या होत्या, आईंच्या बोटांत आता निरी राहत नाही, हे तिच्या कागदावर आलंच नाही. पत्र आलं, पात्र नाहीत. आता पुन्हा तारीख मिळालीय तर कौन्सिल म्हणतेय मराठी दुभाषी नाही, घरच्याच कुणीतरी सांगा. मी बसू का? की मंडळातलं कुणी येईल?
– मु.

---

मु., मदतनीसांची यादी उपसमितीकडे आहे, परस्पर लिस्टवर मागितलं की गेल्या वर्षीसारखा घोळ होतो, दोघं जण एकाच वेळी दारात आणि तिसऱ्याकडे कुणीच नाही. मला वेगळी मेल कर. दुसरं म्हणजे आपले लोक प्रशिक्षित दुभाषी नाहीत, उद्या शब्द चुकला तर मंडळावर येईल, हा मुद्दा मी मीटिंगमध्येही मांडला होता.
– खजिनदार

---

खजिनदार, यादीचं नंतर बघू, गुरुवार परवावर आलाय.

मु., तू दुभाषी होऊ नकोस. मी वीस वर्षं हेच काम केलंय, सून बसली की सासू खरं बोलत नाही, सुनेला वाईट वाटेल म्हणून तरी नाही. कौन्सिलला आजच लेखी कळव की मराठी दुभाषी हवा, व्हिडिओवर चालेल, दुसऱ्या गावचा चालेल. नाहीच मिळाला तर मी येते, पण ओळखीची बाई म्हणून आईंच्या शेजारी बसायला.

आणि नियम नीट समजून घे. इंग्लंडच्या केअर ॲक्ट २०१४ चा. दहा गोष्टी बघतात, जेवण, स्वच्छता, संडास, कपडे, घरात सुरक्षित वावरणं वगैरे, त्यातल्या दोन किंवा जास्त आजारपणामुळे जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल तर पात्र. पण आपली माणसं इथेच फसतात: जमतं पण फार दुखतं, किंवा जमतं पण इतरांपेक्षा खूपच वेळ लागतो, किंवा करताना पडायची भीती, हेही न जमण्यातच धरतात. म्हणून "जमतं का" याला नुसतं हो म्हणायचं नाही, किती वेळ लागतो ते सांगायचं. आजपासून वहीत लिही, रात्री किती वेळा उठलात, मोजा कोणी चढवला. आणि गुरुवारी पातळ आधी नेसवू नकोस. गाउनवर शाल घालून बसू देत, आईंची हरकत नसेल तर निऱ्या सोशल वर्करसमोर घालू देत.

अजून एक, तुझं स्वतःचं केअरर्स असेसमेंट माग, म्हणजे सांभाळणाऱ्याला काय मदत हवी ते बघतात, तो वेगळा हक्क आहे, तिथे तू एकटी बोलू शकतेस.
– काकू

---

पैशाचं कुणी बोललंच नाही. माझ्या माहितीत २३,२५० पौंडांच्या वर बचत असली की काही मिळत नाही, मग असेसमेंट कशाला? आणि कोथरूडचा फ्लॅट दाखवायचा का?
– दे.

---

दे., असेसमेंटचे पैसे नाहीत आणि बचत बघून ते नाकारता येत नाही. पैशाचं नंतर येतं. २३,२५० च्या वर सेवेचा खर्च स्वतःचा, १४,२५० च्या खाली बचत धरत नाहीत, मधल्यांना दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. घरीच सेवा घेतली तर राहतं घर मोजत नाहीत. पण कोथरूडचा फ्लॅट राहतं घर नाही, आईंच्या नावावर असेल तर तो मोजतात, भारतात आहे म्हणून सुटत नाही. लपवू नका, घाईघाईने मुलाच्या नावावरही करू नका, मुद्दाम कमी केलेली मालमत्ता ते तशीच धरतात.
– काकू

---

आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये ६५ च्या वरच्यांना पर्सनल केअर, म्हणजे अंघोळ-कपड्यांसारखी मदत, २००२ पासून विनामूल्य आहे, आधी पात्रता बघतात पण बचत नाही. माझ्या वडिलांकडे रोज सकाळी बाई यायची, बाबा पहिले आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत, परक्या बाईसमोर अंघोळ म्हणून. मग ती त्यांना "नमस्कार" म्हणायला शिकली आणि बाबा तिच्यासाठी दार उघडायला थांबायला लागले. इंग्लंडमध्ये राहायचं तर असेसमेंट सोडू नका.
– प्र., ग्लासगो

---

प्र., ते बरोबर पण मूळ प्रश्न असा की आपल्या माणसांचं आपण करायचं नाही का? आमच्या आईचं आम्ही शेवटपर्यंत केलं. कौन्सिलच्या दारात जाणं मला तरी पटत नाही.
– अ. वहिनी

---

वहिनी, तुम्ही केलंत ते आम्ही पाहिलंय, आणि तुमची पाठ कायमची गेली तेही पाहिलंय. ही भीक नाही, आयुष्यभर कौन्सिल टॅक्स भरलाय. आणि हे केल्यावर घरचे करत नाहीत असं होत नाही, उलट सकाळच्या अर्ध्या तासाला दुसरा हात मिळाला की सून संध्याकाळी शेजारी बसून गप्पा तरी मारू शकते.
– काकू

---

ज्यांचे आईवडील व्हिसावर आहेत त्यांनी अटेंडन्स अलावन्स, म्हणजे मदत लागणाऱ्या वृद्धांचा सरकारी भत्ता, मागू नये, तो पब्लिक फंड्समध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांना सहसा बंद असलेल्या सरकारी मदतीच्या यादीत येतो. कौन्सिलची सोशल केअर त्या यादीत नाही, तरी व्हिसाचा प्रकार बघून आधी सल्ला घ्या. मु.च्या सासूबाई नागरिक आहेत, त्यांनी मात्र या भत्त्याचा अर्ज भरा, त्याला बचत बघत नाहीत आणि तो कौन्सिलकडे नाही, डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे पेन्शन-भत्त्यांच्या सरकारी खात्याकडे असतो.
– स. (खजिनदारांच्या परवानगीविना लिहितोय, पण वेळ नाही)

---

स., परवानगीचा प्रश्न नाहीये, नोंद राहावी एवढंच. काकूंचं नाव यादीत लिहिलंय.
– खजिनदार

---

सगळ्यांचे आभार. कौन्सिलला मेल केली, दुपारी फोन आला, लेस्टरहून व्हिडिओवर मराठी बाई देतायत. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, तिला खरं सांगितलं तर तुला त्रास होतो असं नाही ना वाटणार? मी म्हटलं सांगा. वही सुरू केलीय, काल रात्री चार वेळा. काकू, तुम्ही दहालाच या, आमच्या रस्त्यावर दहा ते अकरा पार्किंगला परमिट लागतं, व्हिजिटर व्हाउचर काढून ठेवलंय, गाडीचा नंबर पाठवा.
– मु.