मदत हवी आहे: ईव्हॅप (टाकीतल्या इंधनाच्या वाफा अडवणारी यंत्रणा) मॉनिटर 'रेडी' होत नाही

पेट्रोल गाडी. बॅटरी बदलल्यावर सगळे रेडिनेस मॉनिटर (उत्सर्जन यंत्रणेच्या, गाडी स्वतःच करते त्या चाचण्यांच्या नोंदी) पुसले गेले. ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर आणि कॅटॅलिस्ट रोजच्या चालवण्यात पूर्ण झाले. ईव्हॅप मात्र अडून बसलाय आणि उत्सर्जन तपासणी तोंडावर आली आहे.

चेक इंजिनचा दिवा विझलेला, पेंडिंग कोडही (अजून पक्का न झालेला दोष) नाही. टाकी अर्धी भरलेली, कारण साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या बाहेर ही चाचणी बहुतेक गाड्यांत सुरूच होत नाही. झाकणाची रबरी रिंग ठीक आहे. थंड इंजिन आयडलवर असताना पर्ज व्हॉल्व्हची (हा वाफा इंजिनात सोडतो) टाकीकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावलं तर ओढ लागत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बंद होतोय.

खटकतंय ते वेगळंच. रात्रभर सावलीत उभ्या गाडीत, इंजिन सुरू करण्याआधी, स्कॅनरवर कूलंट ३३ अंश आणि आत येणारी हवा २३ अंश दिसते. बऱ्याच गाड्यांत हा फरक ६-७ अंशांत असला तरच ईसीयू (इंजिनचा संगणक) 'कोल्ड स्टार्ट' धरतो, आणि त्याशिवाय ईव्हॅपची चाचणी सुरू होत नाही. थर्मामीटरने बाहेरची हवा २३च भरते, म्हणजे संशय कूलंट सेन्सरवर.

सेन्सर काढून पाण्यात बुडवून रेझिस्टन्स मोजणं पुरेसं आहे, की आधी कनेक्टरचा गंज आणि अर्थिंग बघावं? शिवाय, व्हेंट व्हॉल्व्ह (ईव्हॅपचा बाहेरच्या हवेकडचा मार्ग) बंद ठेवून स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) आत्ताच करण्यात अर्थ आहे का?

(कोड पुसायला कृपया सांगू नका, झालेले मॉनिटरही जातील.)