मुलीच्या पहिल्या स्केटिंग प्रोग्रॅमसाठी संगीत कसं निवडू?

शिवणकाम_जळगाव

नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. चार चाकांच्या क्वाड स्केट्सवर आर्टिस्टिक करते. म्हणजे बर्फावरच्या फिगर स्केटिंगसारखंच सगळं, उड्या, गिरक्या, संगीत, पोशाख, फक्त खाली बर्फाऐवजी फरशी. आता पहिल्यांदाच तिच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवायचा आहे. आम्हाला दिलेली वेळ अडीच मिनिटं, दहा सेकंद मागेपुढे चालतात.

घरात तीन मतं आहेत. तिचे सर म्हणतात ‘कारमेन’ या ऑपेराचं संगीत घ्या, मोठ्या स्पर्धांत तेच वाजतं. पोरीला रीलवर चालणारं एक हिंदी गाणं हवंय, धडधड बेसवालं. सासूबाई धुळ्याकडच्या कापडण्याच्या, त्या म्हणतात कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचं गाणं लावा, आपलं आहे. परवा सकाळी त्या रिंकवर आल्या होत्या. पोरगी रीलच्या गाण्यावर सराव करत होती. थोडा वेळ बघून म्हणाल्या, “गानं एकीकडे नि पोर एकीकडे. पोर नाचस नही, नुसती पयस.” म्हणजे नाचत नाही, नुसती पळते. सर गप्प झाले, मीही. कारण ते खरं होतं.

उड्यांपैकी वॉल्ट्झ जंप आणि टो लूप तिच्या पक्क्या आहेत, साल्काव बरी. सिट स्पिन, म्हणजे खाली बसून घ्यायची गिरकी, चांगली बसते. कॅमलमध्ये, म्हणजे एक पाय मागे आडवा धरून घ्यायच्या गिरकीत, अजून डगमगते. वेगात जायला तिला फार आवडतं, संथ भागात कंटाळते.

भारतीय संगीत घेतलं तर परीक्षक गुण कापतात का? शब्द असलेलं गाणं चालतं का? आणि निवडायचं तरी कशावरून? पोशाख मीच शिवणार आहे. लायक्रा सुरतेहून मागवते, म्हणून संगीत ठरल्याशिवाय रंगही सांगता येत नाही. उन्हामुळे सराव सकाळी आठच्या आत उरकावा लागतो, वेळ आधीच कमी, त्यात रोज नवं गाणं लावून बघणं परवडत नाही.

धुळे_रिंक

ताई, मी लहान मुलींना आर्टिस्टिक शिकवते. आधी तुमच्या मनातली भीती काढते. संगीत भारतीय आहे म्हणून कुणी गुण कापत नाही. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या जोडीने आईस डान्समध्ये, म्हणजे बर्फावरच्या जोडीने करायच्या नाचात, ओरिजिनल डान्स नावाची फेरी हिंदी चित्रपटगीतांवर केली होती आणि त्या स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळालं. हातांच्या मुद्रा, मानेचे झटके, सगळं त्यांनी नीट शिकून घेतलं होतं, म्हणून ते शोभलं.

शब्दांचं म्हणाल तर बर्फावर एकेरी आणि जोडी प्रकारांत गायलेली गाणी २०१४-१५ च्या हंगामापासून चालू लागली, त्याआधी फक्त आईस डान्समध्ये चालत. आपण चाकांवर, आपले नियम वेगळ्या संस्थेचे, त्यामुळे तुमच्या वयोगटाचं यंदाचं परिपत्रक सरांकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. तोंडी ऐकलेल्यावर विसंबू नका.

‘कारमेन’बद्दल माझं मत स्पष्ट आहे: दहा वर्षांच्या मुलीला देऊ नका. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये कातारिना विट आणि डेबी थॉमस दोघींनीही तेच संगीत घेतलं होतं. सुवर्ण विटला गेलं, थॉमसला कांस्य. तेव्हापासून ते किती जणींनी वापरलं असेल! परीक्षकाच्या कानात त्या सुरांबरोबर मोठमोठ्या स्केटर उभ्या राहतात आणि तुमच्या लेकीची तुलना आपोआप त्यांच्याशी होते. शिवाय कारमेन ही पुरुषांना नादी लावणारी, शेवटी खून होणारी बाई. त्या मुलीने चेहऱ्यावर काय आणायचं? सरांचा हेतू चांगला आहे, ते संगीत उड्यांना सोयीचं आहे हेही खरं, पण पोरीचं वय बघा.

आणि वेळ नीट समजून घ्या. बर्फावर घड्याळ संगीताबरोबर सुरू होत नाही, स्केटर हलायला लागली की सुरू होतं. १९८४ साली सारायेव्हो ऑलिंपिकला ब्रिटनच्या टॉर्व्हिल आणि डीन या जोडीने ‘बोलेरो’ या संगीतावर तो प्रसिद्ध डान्स केला. मर्यादा चार मिनिटं दहा सेकंदांची, आणि त्यांचं संगीत कापून कापून चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. मग त्यांनी सुरुवातच गुडघ्यांवर बसून केली. तेव्हा पात्याचा स्पर्श बर्फाला होईपर्यंत वेळ मोजली जात नव्हती. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा दिले. तुमच्या परिपत्रकात वेळ कुठून मोजतात तेवढं बघून ठेवा, सुरांचं अर्धं वाक्य कापायचं की ठेवायचं ते त्यावर ठरतं.

भुसावळ_तबला

मी तबला शिकवतो. पुतणी स्केटिंग करायची, तेव्हापासून मुलामुलींचे प्रोग्रॅम कापून-जोडून देतो. तुमच्या सासूबाईंनी जे सांगितलं त्यावर मला बोलायचं आहे, कारण संगीत निवडायची कसोटी त्यांनीच सांगून टाकली.

गाणं आवडतं की नाही हे दुसरं. पहिलं हे की पोरीचे पाय त्या गाण्याला उत्तर देतात का. उद्या सकाळी एक करा. तिला काहीही न सांगता रिंकवर नेहमीसारखं फिरू द्या, संगीताशिवाय. क्रॉसओव्हर घालताना, म्हणजे वळणावर एका पायावरून दुसरा पाय टाकताना, एकेक ढकल किती वेळाने पडते ते टाळीने मोजा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ती तिची स्वतःची लय. मुलं दमली, घाबरली की त्या लयीवर परत येतात. तिच्या एका ढकलीत गाण्याच्या दोन मात्रा किंवा चार मात्रा बरोबर बसल्या तर ती गाण्यावर राहील. पावणेदोन-अडीच असं काही निघालं तर गाणं एकीकडे आणि पोर एकीकडे, दुसरं काय होणार! रीलच्या गाण्यात बहुधा हेच घडतंय. ती गाणी उभ्या उभ्या नाचायला केलेली असतात, पाय जमिनीवर आपटून. चाकावरचा पाय आपटत नाही, घसरत लांब जातो. त्याला लांब श्वासाचं गाणं लागतं.

तालाचंही बघा. केरवा आठ मात्रांचा, सरळ धावायला आणि उडीच्या तयारीला उत्तम. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग, त्यामुळे वॉल्ट्झच्या वजनाशी त्याचं जुळतं. आईस डान्समध्ये युरोपियन वॉल्ट्झ नावाचा ठरीव डान्स आहे, त्याची लय मिनिटाला १३५ मात्रा. त्या लयीत दादरा वाजवून पाहा, तीन-वळण, म्हणजे एकाच पायावर दिशा बदलणारं वळण, घेणारा पाय आपोआप पहिल्या मात्रेवर वळतो. तुमच्या मुलीची वॉल्ट्झ जंप पक्की आहे म्हणता, मग एक तुकडा तरी तीनच्या वजनाचा घ्याच.

यापुढची गोष्ट सर्वात महत्त्वाची. अडीच मिनिटांत गाणं बदललं पाहिजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं धडधडणारं गाणं घेतलं की परीक्षकाला पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं कळून जातं, आणि पोरगी मात्र दोन मिनिटं त्याच जोरात ओढत राहते. तिला संथ भागात कंटाळा येतो म्हणून तो टाळू नका, लहान ठेवा. वीस-पंचवीस सेकंद. तिथे सिट स्पिन ठेवा, जी तिची चांगली आहे. कॅमल तिथे नको. संथ सुरात डगमगलेला पाय सगळ्यांना दिसतो, भरलेल्या वाद्यमेळात तो थोडा झाकला जातो. उड्या सुरांच्या वाक्याच्या शेवटी ठेवा, म्हणजे पाय टेकतो आणि सम येते. पण अवघड उडी अगदी एकाच ठोक्यावर बांधू नका. लहान मूल उडीआधी थोडं थबकतंच. ज्या जागी दोन-चार मात्रा पुढेमागे झाल्या तरी चालेल अशी जागा साल्कावला द्या, टो लूपला नेमका ठोका द्या.

कानबाईच्या गाण्याबद्दल. मला ही कल्पना मनापासून आवडली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर बाया गातात, फुगड्या घालतात. त्या गाण्यांत फिरण्याची लय आधीपासून आहे, कारण ती फिरत फिरतच म्हटली जातात. अडचण एक आहे. चाल दोन ओळींची असते आणि तीच पुन्हा पुन्हा येते. रात्रभराच्या जागरणात ते गोड लागतं, रिंकवर अडीच मिनिटांत तेच तेच वाटेल. त्याला घडवावं लागेल. आधी नुसते बायांचे आवाज, वाद्य नाही, पोरगी जागेवर उभी, फक्त हात. मग डफ, आणि ती निघते. मध्ये शब्द सोडून फक्त बासरीवर तीच चाल, संथ, दादऱ्यात फिरवलेली. शेवटी सगळे आवाज एकत्र, लय वाढवून. चाल एकच राहते आणि तरी गाणं चार ठिकाणी बदलतं.

भोंग्याचाही विचार करा. आर्टिस्टिकचा रिंक पन्नास मीटर लांब असतो आणि लाउडस्पीकर बहुतेक एकाच टोकाला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दुसऱ्या टोकाला तो सेकंदाचा सातवा भाग उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर हा उशीर पाव मात्रेहून जास्त झाला. पोरगी ताल चुकली असं वाटतं आणि ती बिचारी तिच्या कानाला ऐकू येईल तशी बरोबर चाललेली असते. म्हणून नेमके ठोके स्पीकरच्या बाजूच्या अर्ध्या रिंकवर ठेवा. भोंग्यातून खालचे सूर येत नाहीत, त्यामुळे ज्या बेसवर तिचा जीव आहे तो तिथे ऐकूच येणार नाही. डफाची थाप, टाळ, बासरी, बायांचा उंच आवाज, हे सगळं स्वच्छ पोचतं.

साक्रीकर

आमच्याकडे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा आणि शिंगाचं वाद्य, एकसलग श्वास चालतो तिचा, सूर तुटत नाही. ताई, संथ भागासाठी बासरीऐवजी पावरी ऐकून बघा. लांब घसरत जाणाऱ्या पायाला तिच्याइतकं जुळणारं दुसरं काही मी ऐकलेलं नाही. पण इंटरनेटवरचं कुणाचं रेकॉर्डिंग उचलू नका, वाजवणाऱ्याला भेटा, विचारा, मानधन द्या. चाल सगळ्यांची असली तरी रेकॉर्डिंग ज्याने केलं त्याचं असतं. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या एका जोडीने जुन्या लोकगीताची नवी आवृत्ती वापरली, तर ती आवृत्ती करणाऱ्या संगीतकारांनी थेट कोर्टात दावा लावला होता.

शिवणकाम_जळगाव

सगळ्यांचे आभार. आज सकाळी टाळीने मोजलं. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, रीलचं गाणं तिच्या ढकलीत बसतच नाही. सासूबाईंनी रिंकच्या कडेला बसून कानबाईचं गाणं म्हटलं, मोबाइल नाही, स्पीकर नाही, नुसता आवाज. पोरगी दोन फेऱ्यांत त्यावर आली. सरांनीही पाहिलं, ते तयार आहेत. म्हणाले, संगीत तुम्ही आणा, पायऱ्या मी बसवतो.

दोन प्रश्न राहिले. सासूबाईंना वाटतं देवीचं नाव घेऊन तंग कपड्यात स्केटिंग बरं दिसणार नाही, आणि मला त्यांचं मन दुखवायचं नाही. दुसरं, मुलगी रुसली आहे, तिचं गाणं गेलं म्हणून.

भुसावळ_तबला

सासूबाईंचं ऐका. देवीच्या नावाच्या ओळी घेऊ नका, त्या रात्रीच्याच ज्या ओळी फुगडीच्या, माहेराच्या, थट्टेच्या असतात त्या त्यांनाच निवडू द्या. आवाजही त्यांचा आणि त्यांच्या मैत्रिणींचा घ्या. खोलीत पंखा बंद करून, गोधडी पसरून, फोन मध्ये ठेवून रेकॉर्ड केलं तरी चालेल, पुढचं मी बघतो. मात्र ठेका सोडू देऊ नका, मी कानात वाजेल असा ठेका पाठवतो, एकीने तो इअरफोनवर ऐकत टाळी धरायची. नाहीतर जोडताना लय जुळत नाही.

मुलीला शेवटचा तुकडा ठरवू द्या. शेवटची वीस सेकंदं तिची. तिला धडधड हवी ना, तिथे ढोल घालू, आपल्या सातपुड्यातला, होळीचा. लय कितीपर्यंत चढवायची, थांबायचं कुठल्या ठोक्यावर, शेवटची पोझ कुठली, तिला विचारून मी कापेन. तिला माझ्याशी फोनवर बोलायला सांगा, तिचं ऐकल्याशिवाय मी कात्री लावणार नाही. फाइल तयार झाली की सुरुवातीला एक सेकंद शांतता ठेवतो, नाहीतर वाजवणारा बटण दाबतो आणि पहिला सूर गिळला जातो. शेवट आवाज हळूहळू विरत जाणारा करणार नाही. स्वच्छ तोडणार, म्हणजे तिला कुठे थांबायचं ते कळेल. दोन पेनड्राइव्ह आणा, एक सरांकडे, एक तुमच्या पर्समध्ये.

धुळे_रिंक

आणि ताई, पोशाखाला पूर्ण बाह्या आणि अंगाच्या रंगाचं नव्हे, गडद रंगाचं टाइट्स घेतलंत तर सासूबाईंचीही हरकत राहणार नाही. सुरतेला मोरपंखी सांगा, राखाडी फरशीवर उठून दिसतो. स्कर्टला खणाची किनार लावायचा मोह होईल, पण पातळ लावा आणि लांबी मांडीच्या मध्यापर्यंतच ठेवा. सिट स्पिनमध्ये खाली बसल्यावर जड काठ चाकाखाली येतो.