थायरॉइडमुळे आलेला तिरळेपणा : शस्त्रक्रियेसाठी थांबायचे का?

प्रश्न : थायरॉइडच्या विकारात आईचा उजवा डोळा खाली ओढला गेला असून तिला एकावर एक अशा दोन प्रतिमा दिसतात, जिना उतरताना कोणती पायरी खरी, हेच तिला कळत नाही. रक्ततपासणी आता ठीक आहे, तरीही डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी थांबायला का सांगत असावेत?

पहिले उत्तर : संप्रेरकांची पातळी सुधारली म्हणजे डोळ्यामागची सूज शमली, असे नव्हे. सूज असेपर्यंत स्नायूंचा ताण बदलत राहतो, त्यामुळे तिरळेपणाचे माप साधारण ६ महिने स्थिर राहिल्यावरच शस्त्रक्रिया करतात. तोवर चष्म्यावर प्रिझम (प्रकाश वळवून दोन प्रतिमा जुळवणारे भिंग) लावून किंवा एक डोळा झाकून निभावता येते. धूम्रपान असल्यास ते मात्र आजच थांबवावे.

दुसरे उत्तर : यात स्नायू दुबळा नसून कडक झालेला असतो, बहुधा खालचा किंवा नाकाकडचा, म्हणून तो आखूड न करता मूळ जागेपासून मागे सरकवून शिवतात. काही शल्यविशारद टाका असा ठेवतात की, रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला समोर पाहायला लावून गाठ सैल किंवा घट्ट करता येते. खालचा स्नायू मागे नेल्यास खालची पापणीही उतरू शकते, म्हणून पापण्यांची शस्त्रक्रिया शेवटी करतात; नेत्रखोबणीतील दाब कमी करायचा असेल, तर ते आधी, कारण त्याने तिरळेपणा बदलू शकतो.

प्रश्नकर्ता : मग दुहेरी दिसणे पूर्ण जाईल का?

दुसरे उत्तर : समोर आणि वाचताना खाली पाहिल्यावर एकच प्रतिमा दिसावी, एवढे उद्दिष्ट असते. अगदी वर किंवा कडेला पाहताना दोन प्रतिमा राहू शकतात, आणि काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते.