मदत हवी आहे: तपकिरी मेदपेशीत फुगलेला मायटोकॉन्ड्रिया, कारण इआरॅड की नुसता ताण?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प करतोय. उंदराच्या दोन खांद्यांमधल्या तपकिरी मेदातून पेशी काढून वाढवतो. त्यांत इआरमधली (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, म्हणजे पेशीतलं प्रथिने घडवणारं जाळं) बिघडलेली प्रथिने काढून टाकणारी सेल१एल-एचआरडी१ यंत्रणा, म्हणजेच इआरॅड, बंद केली, की थंडीत मायटोकॉन्ड्रियाचं काय होतं, एवढंच बघायचंय. ही यंत्रणा नसली की सिग्माआर१ हे इआरमधलं प्रथिन साठतं आणि इआर-मायटोकॉन्ड्रिया यांची जवळीक बिघडते, हे २०२० मध्ये उंदरांत दाखवलेलं आहे.

एमजी-१३२ वापरून पाहिलं. मायटोकॉन्ड्रिया भडंगातल्या चुरमुऱ्यांसारखे फुगले खरे, पण ते औषध सगळंच प्रोटिएसोम (पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा) अडवतं, त्यामुळे निष्कर्ष काढता येईना. ट्युनिकामायसिनने सरसकट इआर ताण येतो, तेही बाद. मायटोकॉन्ड्रिया रंगवणाऱ्या मायटोट्रॅकर रेडवर माझा भरवसा नाही. नॉरएपिनेफ्रिन (थंडीत शरीर या पेशींना देतं तो संदेश) दिलं की उष्णता निर्माण करणाऱ्या यूसीपी१ प्रथिनामुळे मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचा विद्युत विभव उतरतो आणि रंगच फिका पडतो. म्हणून आता टॉम२० या मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलावरच्या प्रथिनाला रंगवण्यावर आलोय.

सेल१एलचं जनुक काढलेले नॉकआउट उंदीर मिळणार नाहीत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं बजेट नाही, कॉन्फोकल आहे. सेल१एलचा एसआयआरएनए (ते प्रथिन बनणं रोखणारा छोटा आरएनए) मागवलाय. उंदरांची खोली उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास जाते, म्हणजे त्यांना थंडी अशी वाजतच नाही. म्हणून पेशींना नॉरएपिनेफ्रिनच देतो.

विचारायचं हे: मेद भरलेल्या, पूर्ण तयार पेशींत एसआयआरएनए शिरवायला रिव्हर्स ट्रान्सफेक्शन (आधी एसआयआरएनए थाळीत, मग त्यावर पेशी) कोणी केलंय का, आणि नेमका इआरॅडच अडलाय हे दाखवायला ओएस९ व आयआरई१-अल्फा (इआरॅड एरवी मोडते ती प्रथिने) साठल्याचा वेस्टर्न ब्लॉट पुरेल, की सिग्माआर१ही दाखवावा लागेल?