जबाबदार इनोव्हेशन खरंच असतं की नुसती शेवटची स्लाइड?

गोंदवाला:
मी प्रॉडक्ट डिझाइनमधे आहे. मागे एका डिव्हाइसची बॅटरी स्क्रूने बसवायची की गोंदाने चिकटवायची यावर दोन तास मीटिंग चालली. स्क्रू घातले तर जाडी थोडी वाढते, गोंद लावला तर दिसतं मस्त पण बॅटरी गेली की अख्खी वस्तू कचऱ्यात. अर्थात गोंद जिंकला, आणि प्रेझेंटेशनच्या शेवटी मोठ्या अक्षरात 'जबाबदार इनोव्हेशन'! हसू की रडू कळेना. दरवर्षी मागच्या वर्षीपेक्षा जास्त विकायचंच असेल तर जबाबदार राहणं शक्य तरी आहे का?

चक्रवाढ:
नाही, असं माझं मत. ३ टक्के वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण त्या वेगाने साधारण २४ वर्षांत सगळं दुप्पट होतं आणि १०० वर्षांत १९ पट. लोक म्हणतात टेक्नॉलॉजी सुधारली की कमी सामानात भागेल. पण जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मधेच लिहून ठेवलंय की वाफेचं इंजिन कमी कोळशात चालायला लागलं तेव्हा कोळसा वाचला नाही, उलट इंजिन परवडायला लागलं म्हणून जिकडेतिकडे बसलं आणि एकूण खप वाढला.

उजेड:
हे जरा एकांगी झालं. एलईडी जुन्या बल्बच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या विजेत तेवढाच उजेड देतो, म्हणून कोणी घरात सहापट दिवे लावले नाहीत. आणि ओझोनचं काय? १९७४ ला मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसीबद्दल, म्हणजे फ्रिजमधल्या ओझोनचा थर खाणाऱ्या गॅसबद्दल, धोक्याची घंटा वाजवली, १९८७ ला तो गॅस कमी करायचा माँट्रियल करार झाला, फ्रिज बनायचे काही थांबले नाहीत.

मधला बाक:
ओझोनची गोष्ट अर्धीच सांगितलीत. सीएफसीच्या जागी एचएफसी नावाचे दुसरे गॅस आले, ते ओझोनला काही करत नाहीत पण पृथ्वी तापवण्यात एकदम पटाईत, मग २०१६ ला किगालीत (रवांडा) त्याच कराराखाली तेही कमी करायचं ठरवावं लागलं. आणि गंमत बघा, सीएफसी ज्याने पुढे आणलं त्या मिजली नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनेच आधी पेट्रोलमधे शिसं घातलं होतं. १९२४ मधेच ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरी गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल जगातून पूर्ण जायला २०२१ उजाडलं. कॉलिंग्रिज म्हणून तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक होता, त्याचा मुद्दा हाच की वस्तू नवी असते तेव्हा बदलणं सोपं असतं पण परिणाम माहीत नसतात, आणि परिणाम कळेपर्यंत सगळं तिच्यावर उभं राहिलेलं असतं. शिशाच्या बाबतीत तर माहीत असूनही रेटलं, ते वेगळंच. म्हणून मी एकच गोष्ट तपासतो, उद्या चूक निघाली तर हे मागे घेता येईल का. गोंदवाले, तुमचा गोंद इथेच नापास.

उजेड:
बरं, एचएफसीचं मान्य. पण मागे घ्यायला लावलं कोणी? कराराने. एकट्या डिझायनरच्या डोक्यावर कशाला टाकताय?

पाना-पकड:
मी रिपेअरचं काम करतो. गोंदवाले, बॅटरीखाली ओढून काढायची टेप लावतात ना, टॅब खेचला की अलगद निघते, जाडीपण वाढत नाही. ते नाही सुचलं कोणाला?

गोंदवाला:
मीच काढला होता विषय. खर्च वाढतो म्हणून पाच मिनिटांत उडाला. आता युरोपियन युनियनचा नियम येतोय, फेब्रुवारी २०२७ पासून बऱ्याच वस्तूंची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. परवा तीच फाइल परत उघडायला सांगितली.